मोडीत काढण्याआधी सांधे पाहा

जुना गेमिंग कॉम्प्युटर सुट्या भागांनी सुधारत बसू नये. आहे तसा विकावा आणि नवा एकरकमी घ्यावा. हे मत आज इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. दुकानदार तेच सांगतो, यूट्यूबवरचे परीक्षक तेच सांगतात, पुण्यात आयटीत असलेला मामेभाऊही फोनवर तेच सांगतो. इगतपुरीसारख्या गावात हा सल्ला आणखी ठामपणे येतो, कारण देणारा बहुधा लांब असतो आणि ज्या मशीनविषयी तो बोलतो ते त्याने कधी उघडून पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. २०१६ ते २०२०च्या दरम्यान आपल्याकडच्या घरांत जी असेंबल्ड मशीन आली, त्यांतल्या बहुतेकांना टप्प्याटप्प्याने सुधारणं हाच योग्य मार्ग आहे. तो स्वस्त पडतो हे खरंच, पण मुख्य कारण ते नाही. या यंत्राची घडणच तशी आहे.

खंडन करायचं तर आधी समोरच्याची बाजू त्याच्याइतकीच नेटाने मांडावी, ही आपल्या वादपरंपरेची शिस्त. म्हणून पूर्वपक्ष आधी.

कॉम्प्युटरचा वेग त्याच्या सगळ्यात मंद भागावर ठरतो. जुन्या प्रोसेसरला नवं ग्राफिक कार्ड जोडलं तर कार्ड अर्धं रिकामं बसतं. यालाच बाजारात बॉटलनेक म्हणतात. प्रोसेसर बदलावा तर मदरबोर्डचं सॉकेट जुनं. मदरबोर्ड बदलावा तर रॅम जुनी. आणि एवढं सगळं केल्यावर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, अपुरा पडतो. म्हणजे एका भागाला हात लावला की शेवटी सगळंच बदलावं लागतं, तेही सुट्या दराने. जुन्या मशीनला वॉरंटी उरलेली नसते. त्यावर विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मग दोन-तीन वर्षांत थोडे थोडे करून जो पैसा जाणारच आहे, तो एकदाच घालून नवं मशीन का घेऊ नये?

हा युक्तिवाद पोकळ नाही. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या मशीनबाबत खरं आहे. दोष आहे तो अतिव्याप्तीचा. काही भागांना लागू असलेला नियम सगळ्या यंत्राला लावला आहे, आणि काही मशीनना लागू असलेला निष्कर्ष सगळ्या मशीनना.

मुळात कॉम्प्युटर ही एकसंध वस्तू नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हाच त्याच्या बोर्डवर पाच मोकळ्या खाचा ठेवलेल्या होत्या, इतरांनी बनवलेली कार्डं त्यात बसावीत म्हणून. त्या निर्णयामुळे एक वेगळीच जात जन्माला आली. तिचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनतात आणि त्यांना बांधून ठेवतात ते सांध्यांचे करार. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा मापदंड ठरवला: बोर्डवरची स्क्रूची छिद्रं कुठे असावीत, मागची पट्टी किती लांब असावी, वीजपुरवठ्याचा डबा कुठे बसावा. आज तीस वर्षांनंतरही नवा एटीएक्स बोर्ड त्याच छिद्रांवर बसतो. ग्राफिक कार्डाची पीसीआय एक्सप्रेस खाच २००३ सालच्या करारातली आहे. तिच्या पिढ्या बदलल्या, वेग दर पिढीला साधारण दुप्पट झाला, तरी चौथ्या पिढीचं कार्ड तिसऱ्या पिढीच्या बोर्डात बसतं आणि चालतं. साटा जोडणीही त्याच वर्षांतली. २०१७ सालच्या बोर्डला आजची एसएसडी जोडता येते, ती या करारांमुळे.

मग घट्ट बांधलेलं काय आहे? फक्त तीन भाग: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम. प्रोसेसर सॉकेटशी बांधलेला, रॅम खाचेशी. बाकीचे सगळे, म्हणजे कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी, ग्राफिक कार्ड, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हे मोकळे आहेत. ते आजच्या मशीनमधून उद्याच्या मशीनमध्ये जाऊ शकतात. ‘एकाला हात लावला की सगळंच बदलावं लागतं’ हे विधान या त्रिकूटापुरतंच आहे, आणि तिथेही ते पूर्णपणे खरं नाही, हे पुढे दिसेल. मोकळ्या भागांना हा नियम लावण्याला काहीच आधार नाही.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसं वापरायचं, याचा एक मोठा दाखला इगतपुरीच्या स्टेशनातच आहे. थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. १९३०पर्यंत मुंबईकडून इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा आल्या, त्या १५०० व्होल्ट डीसीच्या. पुढे १९५७ साली भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी ही पद्धत स्वीकारली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पुढचा भुसावळकडचा मार्ग एसीवर आला. तेव्हापासून कित्येक दशकं आपलं गाव दोन पद्धतींच्या सांध्यावर उभं होतं. मुंबईहून आलेलं डीसी इंजिन इथे सुटायचं, एसी इंजिन लागायचं, आणि गाडी पुढे जायची.

डीसी जुनी झाली होती हे सगळ्यांना कळत होतं. तरी मुंबईपर्यंतच्या तारा एका फटक्यात उतरवल्या गेल्या नाहीत. आधी दोन्ही दाबांवर चालणारी इंजिनं आली. मध्य रेल्वेवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डब्ल्यूसीएएम-३ जातीची. मग दोन्हींवर चालणाऱ्या लोकल आल्या. अशा गाड्या हाती आल्यावर तारा एकेका टप्प्याने बदलल्या, सांधा इगतपुरीहून मुंबईकडे सरकत गेला, आणि २०१५ साली मुख्य मार्गावरची, तर २०१६ साली हार्बरवरची डीसी संपली. ब्लॉक घेतले गेले, वेळापत्रकं विस्कटली, पण वाहतूक चालू राहिली. दोन्ही बाजूंना चालेल अशी वस्तू आधी मिळवायची आणि मग बाजू बदलायची, हा त्या सगळ्या कामाचा क्रम होता.

दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पुरावा वर सांगितलेल्या घडणीत आहे. पण क्रमाची दृष्टी या दाखल्यातून मिळते, आणि माझं सगळं म्हणणं त्या क्रमावर उभं आहे: पुढचा भाग असा घ्यावा की तो आजच्या मशीनमध्येही चालेल आणि उद्याच्याही. हे पथ्य पाळलं तर सुट्या खरेदीतला पैसा वाया जात नाही. हे पाळलं नाही तर पूर्वपक्षाची भीती खरी ठरते.

आता बॉटलनेककडे वळू, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते या शब्दाला. गेमचं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन हातांतून जाते. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय काय काढायचं. ग्राफिक कार्ड ते प्रत्यक्ष रंगवतं. दोघं एकाच वेळी काम करतात, एक पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो तेव्हा दुसरा आधीची रंगवत असतो. ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा वेग तो गेमचा वेग. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दोघांनाही एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागून चालत नाही.

समजा जुन्या मशीनमध्ये प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २८. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३६ फ्रेम. आता असं कार्ड घातलं की ज्याला त्याच कामाला ९ मिलिसेकंद पुरतात. या क्षणी पूर्वपक्ष म्हणेल, बघा, कार्ड ९मध्ये मोकळं होतं आणि १२पर्यंत वाट पाहत बसतं, पैसे वाया गेले. पण हिशेब काय सांगतो? १२ मिलिसेकंदांना एक फ्रेम म्हणजे सेकंदाला ८३. गेमचा वेग दुपटीहून जास्त झाला. अडथळा नाहीसा झाला नाही, तो कार्डाकडून प्रोसेसरकडे सरकला, आणि अडथळा कुठे ना कुठे राहणारच; तो नसलेलं मशीन अस्तित्वात नाही. वर कार्डाकडे उरलेले तीन मिलिसेकंद सावल्या आणि पोत यांची गुणवत्ता वाढवून वापरता येतात, त्याने प्रोसेसरवर फारसा भार पडत नाही. शिवाय हे प्रमाण गेमगणिक बदलतं, आणि पडद्याच्या रिझोल्यूशनप्रमाणेही बदलतं. तेव्हा ‘या जोडीत इतके टक्के बॉटलनेक’ असा एकच आकडा सांगणारे हिशेब गंभीरपणे घेण्यासारखे नाहीत.

यात एक अपवाद आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. चार कोर आणि चारच थ्रेड असलेले जुने प्रोसेसर काही नव्या गेममध्ये सरासरी वेग बरा देतात, पण मधेच अडखळतात. सरासरी ८० दिसते आणि हाताला झटके जाणवतात. अशा वेळी नवं कार्ड मदत करत नाही. इंटेलची आर्क जातीची कार्डं घेणाऱ्यांनी आणखी सावध असावं. ती रिसायझेबल बार ही सोय बोर्डवर असेल असं गृहीत धरतात, आणि २०२४च्या डिसेंबरात आलेलं बी५८० जुन्या प्रोसेसरांवर अपेक्षेपेक्षा बरंच मागे पडतं, हे त्यानंतरच्या चाचण्यांत दिसलं. तसंच एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन दिल्या आहेत, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डात ते गुदमरतं. म्हणजे भाग निवडताना अभ्यास लागतो. पण अभ्यास लागतो म्हणून मार्गच चुकीचा, असं म्हणता येत नाही.

‘जुनं मशीन’ ही एकच जात नाही, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिलं मशीन २०१७-१८चं, एएमडीच्या रायझन ५ १६०० प्रोसेसरचं, बी३५० बोर्डवरचं. त्याचं सॉकेट एएम४. या सॉकेटवर रायझन २०१७ साली आला आणि त्याच सॉकेटवर एप्रिल २०२२मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, ९६ एमबी एल३ कॅशचा, गेमसाठी त्या काळातल्या सर्वोत्तम प्रोसेसरांपैकी एक. मधल्या काळात एक घटना घडली ती या वादात मला फार महत्त्वाची वाटते. मे २०२०मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की पुढची झेन ३ पिढी, म्हणजे रायझन ५०००ची मालिका, ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी जोरदार हरकत घेतली, आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय बदलला. २०२२मध्ये तर आणखी जुन्या, म्हणजे बी३५० ज्यात येतो त्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही नव्या बायोसमधून ती सोय मिळाली. ‘हे जमणार नाही’ हे वाक्य दर वेळी तांत्रिक असतंच असं नाही. ज्याच्या घरी असा बोर्ड आहे त्याने बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन आपल्या मॉडेलची प्रोसेसर-यादी वाचावी, बायोस अद्ययावत करावं, आणि नुसता प्रोसेसर बदलावा. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. विंडोज ११ची अडचणही त्याच फटक्यात सुटते, कारण रायझन ५०००ची मालिका विंडोज ११च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत आहे. या मशीनच्या मालकाला ‘विकून टाक’ सांगणारा त्याचं थेट नुकसान करतो.

दुसरं मशीन त्याच काळातलं, पण इंटेलच्या आय५-७४००चं, आठ जीबी डीडीआर४ रॅमची एकच कांडी, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. आपल्याकडे हे जास्त सापडतं. इथे पूर्वपक्ष सगळ्यात बळकट आहे. ऑक्टोबर २०१७मध्ये इंटेलची आठवी पिढी आली ती त्याच ११५१ पिनांच्या सॉकेटची, पण जुन्या बोर्डांवर चालणार नाही या अटीवर. म्हणजे या बोर्डवर पुढचा रस्ता बंद. वरचा म्हणून आय७-७७०० उरतो, आणि बंद पडलेल्या सॉकेटवरच्या अशा वरच्या प्रोसेसरला जुन्या बाजारात लायकीपेक्षा जास्त भाव मिळतो, कारण मागणी करणारे सगळे तुमच्यासारखेच अडकलेले. तो घेऊ नये. विंडोज ११ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, तीही अट इथे बसत नाही.

पण याच मशीनबाबतही एकरकमी खरेदीचा निष्कर्ष निघत नाही. निघतं ते एवढंच की त्रिकूट कधीतरी बदलावं लागणार. ते कधी, आणि त्याआधी काय, हा खरा प्रश्न आहे.

आणि त्याआधीचं पहिलं काम फुकटचं आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओली असते. कॅबिनेटमध्ये साचलेली धूळ ती ओल धरते, पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत तिचा थर घट्ट होतो. सात-आठ वर्षं जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू होते. मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन ‘म्हातारं’ झालं असं ज्याला आपण म्हणतो त्यातला बराच भाग हा असतो. ब्लोअरने धूळ काढा, पेस्ट नवी लावा, रॅमच्या कांडीचे सोनेरी पाय खोडरबराने हलक्या हाताने पुसा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. मग बायोसमध्ये रॅमचा वेग पाहा. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू नसेल तर रायझनच्या अनेक मशीनमध्ये ३२००ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४००वर धावत असते. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, रोज थोडा वेळ चालवावं, त्याच्याच उबेने ओल हटते. कौलं फुटली म्हणून आपल्याकडे कुणी घर पाडत नाही, पावसाआधी ती चाळून घेतात. तेवढीच ही गोष्ट आहे. ती न करता नवं मशीन घेतलं तर पाच पावसाळ्यांनी तेही याच अवस्थेत येईल.

पैसे घालायचे तर सगळ्यात आधी एसएमपीएसवर. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण त्याने एकही फ्रेम वाढत नाही. पण कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असलं तरी तो तेवढं खरंच देईल याची खात्री नसते, आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळी रात्री वीज जाते-येते, दाब वर-खाली होतो, तेव्हा सगळ्या भागांच्या आणि त्या झटक्याच्या मधे उभा असतो तो हाच. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅट घेतं, ते खाचेतूनच मिळतात. त्या जागी आरएक्स ६६०० घ्यायचं तर १३२ वॅट आणि वेगळी आठ पिनांची तार लागते. म्हणून चांगला ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस आधी, कार्ड नंतर. हा डबा पुढच्या मशीनमध्ये तसाच जाईल. पाच ते दहा वर्षांची वॉरंटी असलेले मिळतात. सोबत यूपीएस असेल तर उत्तमच.

त्यानंतर एसएसडी. हार्ड डिस्कला एखादी फाइल शोधायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, साध्या साटा एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतके. मशीन चालू होणं, गेम उघडणं, मोठ्या नकाशावर पुढचा भाग वेळेवर येणं, हे सगळं यानेच बदलतं. एनव्हीएमई जातीची एसएसडी कागदावर सहापट वेगवान असली तरी गेम उघडण्यात साटापेक्षा फरक थोडाच पडतो. तरी बोर्डवर एम.२ खाच असेल तर एनव्हीएमईच घ्यावी, कारण ती पुढे न्यायची आहे, नसेल तर साटावर समाधान मानावं.

रॅमची एकच कांडी असेल तर दुसरी घालावी. दोन कांड्या दोन वाटांनी माहिती देतात. डीडीआर४-२४००ला एका वाटेने सेकंदाला १९.२ जीबी, दोन वाटांनी ३८.४. आणि इथे त्रिकूटाच्या नियमातली ती फट दिसते जिचा उल्लेख मी वर केला. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर, म्हणजे एलजीए १७०० सॉकेटचे, डीडीआर४च्या बोर्डांवरही चालतात. एएम४ तर सगळं डीडीआर४चंच. म्हणजे आय५-७४००च्या बोर्डवर आज घातलेली रॅम उद्या आय५-१२४००एफच्या बोर्डवर जाते. तीन बांधलेल्या भागांतला एक असा सुटतो.

याचं महत्त्व २०२५च्या अखेरीस फार वाढलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या ओढून घेतल्या की रॅमचे भाव कित्येक पटींनी चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचं जाहीर केलं. अशा काळात ‘सगळं नवं एकदम घे’ या सल्ल्याचा अर्थ होतो, भाव सगळ्यात चढे असताना डीडीआर५ घे. २०२०-२२मध्ये हेच ग्राफिक कार्डांचं झालं होतं. तेव्हा क्रिप्टोच्या खाणकामाने कार्डं बाजारातून गायब झाली होती. २०२२मध्ये भाव उतरत गेले, आणि सप्टेंबरमध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली. कॉम्प्युटरच्या भागांचे भाव एकाच वेळी पडत नाहीत. एकरकमी घेणाऱ्याला त्या दिवशी जो भाग महाग असेल तोही घ्यावाच लागतो. टप्प्याने घेणारा त्या भागासाठी थांबू शकतो. दोन मार्गांची नुसती बेरीज करून तुलना करणारे हे थांबण्याचं स्वातंत्र्य हिशेबात धरत नाहीत. पहिल्या टप्प्यापासून मिळालेला उपयोगही ते धरत नाहीत: साठ हजार साठेपर्यंत दोन वर्षं मुलगा हार्ड डिस्कच्या घरघरीत बसून राहतो, त्याची किंमत शून्य मानलेली असते.

इगतपुरी-घोटीकडे पैसाही टप्प्यानेच येतो. रेल्वेतल्या घरात बोनस दसऱ्याच्या सुमारास येतो, भाताचा पैसा कापणीनंतर. त्यात एक एसएसडी बसते, एक कार्ड बसतं. साठ-सत्तर हजारांचं मशीन बसवायचं तर हप्ता काढावा लागतो, आणि व्याज हाही सुट्या दराचाच एक प्रकार आहे. शिवाय मोठा बाजार गावात नाही. नाशिकला किंवा पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठून ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन एक कार्ड पिशवीतून संध्याकाळी घरी आणता येतं. संपूर्ण कॅबिनेट गर्दीच्या डब्यातून आणणं निराळं.

वॉरंटीचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. असेंबल्ड मशीनला एकत्रित वॉरंटी अशी क्वचितच असते. प्रोसेसरची तीन वर्षं त्या कंपनीची, रॅमची वेगळी, एसएमपीएसची वेगळी. एकाच दिवशी घेतलेल्या मशीनमध्ये बऱ्याच मुदती एकाच सुमारास संपतात. टप्प्याने घेतलेल्या मशीनमध्ये कोणत्याही वर्षी काही भाग वॉरंटीत असतातच.

विंडोजचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला वरवरचं उत्तर देऊ नये. विंडोज १०च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा-अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. लिनक्सवर जावं तर व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनमुळे स्टीमवरचे बहुतेक एकेकट्याने खेळायचे गेम चालतात, पण व्हॅलोरंटसारखे, ज्यांची फसवणूक-रोधक यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते, ते चालत नाहीत. जो व्हॅलोरंटच खेळतो आणि ज्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, त्याने त्रिकूट लवकर बदलावं. पण त्रिकूटच, सगळं मशीन नाही. तसंच १०५० टीआय आणि १०६०सारख्या कार्डांना एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं, आणि डिसेंबर २०२४मधल्या इंडियाना जोन्ससारख्या गेमना हार्डवेअरमधलं रे ट्रेसिंग लागतंच. इथे कार्ड बदलल्याशिवाय इलाज नाही. आठवून पाहा, जीटीएक्स १०६० हे २०१६चं कार्ड २०२२पर्यंत स्टीमच्या पाहणीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं होतं. जगभरातले खेळणारे दरसाल मशीन बदलत नव्हते.

पूर्वपक्ष जिथे पूर्णपणे बरोबर आहे अशी जागाही सांगतो. काही कंपन्यांच्या तयार ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएसचा आकार, बोर्डची जोडणी, कॅबिनेटची छिद्रं, सगळंच त्यांचं खासगी असतं. तिथे एटीएक्सचा करार नाही, म्हणून मोकळे भागही मोकळे नाहीत. डीडीआर३ रॅमची, २०१४च्या आधीची मशीनही या वादाबाहेर. त्यांच्यात स्वस्त एसएसडी घालून अभ्यासाला वापरावं, गेमचा आग्रह धरू नये. आणि गेमिंग लॅपटॉपचं कार्ड बहुधा बोर्डवरच डकवलेलं असतं, त्यामुळे या चर्चेत तो येतच नाही. जे लॅपटॉप सुचवतात त्यांनी ही गोष्ट आधी सांगायला हवी.

कचऱ्याचा विचारही मी हिशेबात धरतो. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालात आहे. चालतं कॅबिनेट, चालता मॉनिटर, चालती रॅम भंगारात देण्याला मला तरी काही समर्थन सापडत नाही.

आय५-७४००च्या मशीनला मग त्रिकूट कधी बदलावं? जेव्हा कार्ड बदलून, रॅम दुप्पट करून, सेटिंग खाली आणूनही हव्या त्या गेममध्ये झटके जात नाहीत तेव्हा. टास्क मॅनेजर उघडून पाहावं: चारही कोर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड साठावर असेल तर वेळ आली. त्या दिवशी फक्त बोर्ड आणि प्रोसेसर घ्यायचे, बाकी सगळं आधीच घरात आहे. निघालेली जोडी जुन्या कार्डासह धाकट्या बहिणीच्या अभ्यासाला लागते. तिला थोडी रॅम, एक कॅबिनेट आणि नवा साधा एसएमपीएस घ्यावा. आणि दुकानात बोर्डच्या खोक्यावर डीडीआर४ छापलंय की डीडीआर५, हे पैसे देण्याआधी वाचावं. एकाच सॉकेटचे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, दोन्हींची खाच वेगळी असते, आणि चुकीचा आणला तर बदलायला पुन्हा दादर गाठावं लागतं.